आमचे पेढे, सुशांतची डबी आणि सर्वत्र पंचावन्न

कोपर, डोंबिवली पश्चिम
श्रावण वद्य तृतीया
(तारीख घातली की तुम्ही गुण कापता, म्हणून तिथी.)

तीर्थस्वरूप आप्पाकाकांच्या पायांशी पुतण्या सुदेशचा साष्टांग नमस्कार, आणि काकूंना वेगळा, त्यांच्या वाटणीचा.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? तेल चोळताय की बाटली नुसती फडताळात उभी आहे? काकूंनी पाठवलेली आमसुलं पोचली. सौ. दक्षताने अर्धी शेजारीपाजारी वाटली आणि उरलेली माझ्यापासून लपवून ठेवली. चि. सान्वीच्या दहावीच्या निकालाचं काय, असं तुम्ही लागोपाठ दोन पत्रांतून विचारलंत आणि मी दोन्ही वेळा आमसुलांबद्दलच लिहिलं, हे तुमच्या ध्यानात आलं असणारच. (उभा जन्म गणित शिकवलेल्या माणसापासून काय लपणार!) तर निकालाचं या पत्रात लिहितो, पण शेवटी. कृपा करून पानं उलटून आधी शेवट वाचू नका. मागच्या पत्राला तुम्ही लाल शाईने शंभरपैकी बावन्न दिलेत आणि ‘विषयांतर फार’ असा शेरा मारून परत पाठवलंत. याही पत्रात विषयांतर आहे, पण ते फिरून निकालापाशीच येतं, तेव्हा धीर धरा.

आधी पेढ्यांचं. पेढ्यांची हकिकत तुम्हाला सुशांतकडून कळली आहे आणि ती सांगताना तो इतका हसला की काकूंना त्याला पाणी आणून द्यावं लागलं, हेही मला कळलं आहे. तुमचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हसू दे बापड्याला. पण त्याने अर्धीच हकिकत सांगितली. पुढची अर्धी तो सांगायचा नाही, कारण त्या अर्ध्यात तो स्वतः आहे. ती मी सांगतो, आणि काका, अगदी छाती पुढे काढून सांगतो.

आमच्या वागळे इस्टेटच्या कारखान्यात वायरलेसच्या हातसंचांचे अँटेना बनतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दांडीत बनवायचं काय, असं तुम्ही एकदा गणपतीत सर्वांदेखत विचारलं होतंत. (मी त्या वेळी मोदक खात होतो, म्हणून उत्तर राहिलं. आता देतो.) संच दांडीकडे शक्ती पाठवतो. दांडीला ती मानवली तर ती हवेत सोडते, नाही मानवली तर थोडी आल्या पावली परत पाठवते. परत आलेली शक्ती फुकट, वर संचाला ताप. म्हणून दोघांच्या मध्ये आम्ही अंगठ्याएवढी एक डबी बसवतो, आत बारीक तारेची वेटोळी आणि दोनचार तुकडे. हिचं काम दोघांचं जुळवून देणं. किती परत आलं हे आमच्या लॅबमधलं यंत्र पडद्यावर रेघ काढून दाखवतं. जिथे कमी परत येतं तिथे रेघ खाली जाते, त्याला आम्ही खड्डा म्हणतो. ठाण्यात खड्डा खोल असला की आनंद होणारी माणसं फक्त आमच्या लॅबमध्ये.

आता गंमत अशी की संच एकाच सुरात बोलत नाही. त्याला खालच्या चॅनेलपासून वरच्या चॅनेलपर्यंत भला मोठा पट्टा असतो, आणि पट्ट्यात सगळीकडे जुळायला हवं. इथे एक नियम आडवा येतो, तो कोणाच्या बापाला मोडता येत नाही. बोडे आणि फॅनो नावाच्या दोन विद्वानांनी पाऊणशे वर्षांपूर्वी तो कागदावर सिद्ध करून ठेवला आहे. (बोडे ऐकून आमचे मालक देवरामशेठ म्हणाले, ‘वऱ्हाडातले का?’) मी तो दक्षताच्या परातीवरून समजावतो, कारण मला तो तिथेच समजला. पोळीची रुंदी म्हणजे पट्टा आणि जाडी म्हणजे खड्ड्याची खोली, असं धरा. पिठाचा गोळा घ्या. गोळा केवढा, हे दांडीनेच ठरवलेलं आहे, छोटी दांडी तर छोटा गोळा. त्याची वाटीएवढी जाडजूड पुरी करा, नाहीतर ताटभर पातळ पोळी लाटा. पण पुरीच्या जाडीची ताटभर पोळी हवी म्हणाल तर ती होत नाही, लाटणं सोन्याचं आणा नाहीतर चांदीचं. एका जागी उगाच जाड ठेवलंत तर ते पीठ दुसरीकडून गेलं. तेव्हा ताटभर सगळीकडे सारखी, बेताची, पण कुठे फाटलेली नाही, ती पोळी उत्तम.

गिऱ्हाईकाच्या कागदावर साधी अट होती: पट्ट्यात कुठेही दहाव्या हिश्श्याहून जास्त शक्ती परत येऊ नये. आमच्या दांडीच्या गोळ्यात तेवढी पोळी बसत होती, नेमकी बसत होती. पण देवरामशेठ म्हणजे हाती घेतील ते तडीस नेतील आणि हाती न घेतलेलंही कबूल करून येतील असा माणूस. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की आमच्याकडे शंभरावा हिस्सासुद्धा परत येणार नाही, साऱ्या पट्ट्यात, बिनधास्त. मी गोळ्याचं सांगायला गेलो तर म्हणाले, ‘सुदेश, तू मला पीठ शिकवू नको. खड्डा पाहिजे. सगळीकडे पाहिजे.’ गिऱ्हाईकाकडून संचितामॅडम तपासायला यायच्या होत्या. नमुना नापास झाला तर काम जाणार आणि मी पॅकिंगला. एकोणीस वर्षं लॅबची चावी माझ्या कमरेला आहे काका, ती जाणार.

अशा अवस्थेत माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. एका मंगळवारी दुपारी मी डबीतलं एक वेटोळं जरा दाबलं, यंत्र चालू केलं, आणि पडद्यावर रेघ पाहून खुर्चीतून उठलोच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, आणि शंभरावा काय, हजाराव्या हिश्श्याच्याही खाली! मी शेठना हाक मारली. शेठनी दोन किलो पेढे आणवले. सगळ्या कारखान्याचं तोंड गोड झालं, शेठनी मला मिठी मारली, मी हळूच डोळे पुसले. तेवढ्यात आमच्या पॅकिंगच्या शेवंतीबाई टेबल पुसायला आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, ही दांडी मधेच पडलीय, कुठं ठेवू?’

दांडी टेबलावर होती. यंत्राला ती लावलेलीच नव्हती. रोज काम सुरू करताना यंत्राला एक पितळी टोपण लावून शिकवावं लागतं की, बाबा रे, काहीच परत न येणं म्हणजे असं असतं. हे टोपण आलेली सगळी शक्ती गिळून आतल्या आत जिरवतं. ते टोपण काढायचं मी विसरलो होतो. दोन किलो पेढे आम्ही टोपणाच्या नावाने खाल्ले. शेठनी तोंडातला पेढा गिळला, हात पुढे केला आणि चावी मागितली.

इथपर्यंत सुशांतने सांगितलं. इथून पुढे मी.

शेठना सुशांत ठाऊक होता, कारण कारखान्याच्या सत्यनारायणाला मीच त्याचं कौतुक केलं होतं: भाऊ पुण्याला मोठ्या संगणक कंपनीत, दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस, वगैरे. (स्वतःचं सांगण्यासारखं नसलं की माणूस भावाचं सांगतो.) शेठनी त्याला फोन केला आणि तो शनिवारी हजर झाला, संगणक काखेत. पहिल्या दिवशी त्याने मधल्या चॅनेलवर असा खोल खड्डा पाडला की लॅबमध्ये टाळ्या पडल्या. खालच्या आणि वरच्या चॅनेलवर मात्र रेघ छताला टेकलेली. मला काका, तुमचं गुणवाचन आठवलं.

गुणवाचनाचं इथेच सांगून टाकतो. दर गणपतीत आरती झाली की मंत्रपुष्पांजलीनंतर आणि प्रसादाच्या आधी तुम्ही वही काढून भावकीतल्या समस्त पोरांचे गुण वाचता. (प्रसाद आधी वाटला तर पोरं पळतील, हे तुमचं गणित बिनचूक.) सुशांतचं गणित तुम्ही असं वाचायचात की खळ्यापलीकडची गुरंसुद्धा वळून बघायची. पुढे त्याचं मराठी यायचं, सदतीस, आणि तिथे तुम्हाला नेमका खोकला यायचा. मग मी. मराठी पंचावन्न, इंग्रजी चोपन्न, शास्त्र छप्पन, गणितही टक्केवारीने पंचावन्न. माझ्यापाशी आलात की तुमचा आवाज खाली यायचा. काही वेळा तर विषयही वाचायचा नाहीत, ‘सुदेश, सर्वत्र पंचावन्न’ म्हणून पान उलटायचात. लोक हसायचे, मीही हसायचो. भावकीत अजून मला त्या नावाने ओळखतात. गेल्या चैत्रात पालखीला एका सुनेने मला विचारलं, ‘सर्वत्र पंचावन्न ते तुम्हीच का?’ राग नाही काका. नाही कसा, थोडा आहे. पण पुढे वाचा.

सुशांतने मग सगळं संगणकावर सोपवलं. त्याला सांगितलं, पट्टाभर कुठेही काही परत येऊ द्यायचं नाही, त्यासाठी डबीत काय वाटेल ते घाल. संगणक दोन दिवस घुमला आणि त्याने डबीचा नकाशा दिला. डबी केली, यंत्राला लावली. (दांडी जोडलेली आहे ना, हे शेवंतीबाईंनी तीनदा बघितलं.) रेघ सपाट, शंभराव्या हिश्श्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत! शेठ म्हणाले, पेढे आणा. सुशांत नम्रपणे खाली बघत होता, तो बघतो तसा. आणि मी कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो, की इतकी देखणी रेघ मी आयुष्यात एकदाच पाहिली आहे, आणि त्या दिवशीही पेढेच होते.

फक्त मीच हा विचार करू शकत होतो, काका. ज्याचं तोंड दुधाने पोळलंय तोच ताक फुंकतो. गोळा तेवढाच आणि ताटभर जाड पोळी झाली, म्हणजे पीठ कुठूनतरी आलंय नाहीतर ही पोळीच नव्हे. मी संच डबीला जोडला, बोलायचं बटण मिनिटभर दाबून धरलं आणि डबीवर बोट ठेवलं.

बोटाला फोड आला. अजून आहे, त्याच बोटाने हे पत्र लिहितोय.

संगणकाने डबीत शक्ती जिरवणारे तुकडे घातले होते. परत काही येऊ नये एवढंच त्याला सांगितलं होतं, बाहेर किती गेलं पाहिजे हे सांगायला सुशांत विसरला. शंभरातले नव्वद डबीतच तापून मरत होते आणि म्हणून परत येत नव्हतं. परत येत नाही म्हणजे पोचलं, असं थोडंच आहे? मी एक पितळी टोपण लावून बसलो होतो, याने दोन दिवस संगणक लावून दुसरं टोपण तयार केलं! मी हे शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, सुदेश, भावाचं चांगलं बघवत नाही का तुला? सुशांतने आलेखांचे अकरा कागद माझ्यासमोर ठेवले. आणि तेवढ्यात दारात संचितामॅडम उभ्या. तासभर आधीच आलेल्या.

बाई तिशीच्या, बारीक, पाठीला सॅक. मोठं बोलणं नाही. एका हातात सुशांतची डबी घेतली, एका हातात माझी (मी पेढ्यांच्या आधी केलेली, साधी, दहाव्या हिश्श्याची, शेठनी खोक्यात टाकलेली, शेवंतीबाईंनी जपून ठेवलेली). दोन्ही रेघा पाहिल्या. मग म्हणाल्या, चालून बघू. एक संच लॅबमध्ये, दुसरा घेऊन कोणीतरी चेकनाक्याकडे चालत सुटायचं आणि बोलत राहायचं, खालच्या, मधल्या, वरच्या चॅनेलवर आळीपाळीने. न थांबता बोलत राहणारं माणूस म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम शेवंतीबाईंकडे बघितलं.

आधी त्यांच्या हातातल्या संचाला सुशांतची डबी. शेवंतीबाईंनी निघाल्यापासून भाजीचे भाव सांगायला घेतले. अळू कसं दिलं, मेथी कशी महागली, इथवर तिन्ही चॅनेलवर सारखंच ऐकू आलं. अर्ध्या वाटेवरच्या बसस्टॉपापाशी कोथिंबिरीचा भाव सांगता सांगता बाई गेल्या त्या गेल्याच, तिन्ही चॅनेलवर सारख्याच गेल्या. लॅबमध्ये नुसती खरखर. सुशांतने आलेखाकडे बघितलं, मग बाई बोलत बोलतच परत आल्या तेव्हा त्यांच्या संचावरच्या डबीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

मग माझी. बसस्टॉप गेला, कोथिंबिरीचा भाव कळला. पुढचा चौक गेला. चेकनाका आला, बाई तिथून बोलताहेत! खालच्या चॅनेलवर स्वच्छ, मधल्यावर स्वच्छ, वरच्यावर किंचित दबका पण शब्द न् शब्द कळतोय. आणि भाव संपल्यामुळे बाईंनी दुसरा विषय काढला. ‘मॅडम, आमचे सुदेशभाऊ लई गुणी माणूस. त्या पेढ्यांच्या दिवशी दांडी लावायचे इसरले म्हणून काय झालं, मीच पाहिली ना ती टेबलावर...’ इथून पुढचं सगळं, टोपणापासून चावीपर्यंत, मॅडमनी स्पीकरवर ऐकलं. शेठ आवाज कमी करायला धावले, पण बटण त्यांना सापडेना.

मला वाटलं, संपलं. मॅडम मात्र खुर्चीत बसून हसत होत्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, मी पहिल्या नोकरीत हेच केलंय, फक्त आमच्याकडे जिलेबी होती. मग शेठनी लिहून दिलेला कागद त्यांनी सॅकमधून काढला. त्यातल्या शंभराव्या हिश्श्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी पेन्सिलीने काट मारली होती, कारण बोडे आणि फॅनो त्यांनाही भेटलेले! माझी रेघ पुन्हा लावून बघितली. वरच्या टोकाला ती दहाव्या हिश्श्याच्या केसभर वर जाते, ते त्यांनी दाखवलं आणि म्हणाल्या, पट्ट्याच्या कडेला एवढं चालतं. अहवालात त्यांनी लिहिलं ते जसंच्या तसं देतो: ‘सर्व चॅनेलवर सारखे, मध्यम. या आकाराच्या अँटेनात याहून चांगले शक्य नाही. पसंत.’

याहून चांगले शक्य नाही, काका! मी त्या कागदाची झेरॉक्स काढून प्लास्टिकमध्ये घालून घेतली आहे. शेठनी चावी परत दिली, आणि परत देताना सगळ्यांना ऐकू जाईल अशी दिली. पेढे पुन्हा आले. या खेपेला पहिला पेढा शेवंतीबाईंनी खाल्ला, दांडी जागेवर आहे हे बघून. सुशांत त्या दिवशी आमच्याकडे कोपरला जेवायला आला. त्याने माझ्या बोटाला मलम लावलं, परातीशी बसून दक्षताकडून गोळ्याचं सगळं समजून घेतलं, आणि म्हणाला, सुद्या, मला हे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. तो मनाने चांगलाच आहे. त्याच्यावर रागावू नका आणि खोकूही नका.

काकूंनी आमसुलं आणखी पाठवायची तसदी घेऊ नये, पाठवल्यास माझ्या नावाने पाठवावीत. गुडघ्याला तेल चोळणे.

तुमचा पुतण्या,
सुदेश (सर्वत्र पंचावन्न)

ता. क. निकाल. सान्वीचे गुण असे: मराठी छप्पन, हिंदी अठ्ठावन्न, इंग्रजी पंचावन्न, विज्ञान सत्तावन्न, समाजशास्त्र एकोणसाठ. पोरगी दोन महिने गप्प आहे. यंदा गणपतीला गावी येत नाही म्हणते. कारण विचारलं तर सांगत नाही, पण मला ते विचारावं लागत नाही. काका, तिला तुम्ही काही समजावू नका, बक्षीस देऊ नका, एवढंच करा. तिचं पान आलं की आवाज खाली आणू नका. ‘सर्वत्र’ म्हणून उरकू नका. एकेक विषय, सुशांतचं गणित वाचायचात त्याच आवाजात वाचा. गुरांनी वळून बघायला हवं. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं. चावीचं निमित्त.

ता. क. दुसरा. पत्राला गुण द्याल तेव्हा पंचावन्नच्या खाली देऊ नयेत.

ता. क. तिसरा, सान्वीकडून. आजोबा, पाकिटावर पत्ता घालायला बाबांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून मी सगळं वाचलं. बाबांनी पाचच विषय लिहिलेत. सहावा गणित, अडतीस. विचारलं तर म्हणतात, पट्ट्याच्या कडेला एवढं चालतं. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला चालणार नाही हे मला माहीत आहे. पण मी गणपतीला येतेय, आणि तुम्ही तेही मोठ्यानेच वाचा. हळू वाचलं की सगळे जास्त कान देऊन ऐकतात.